खाल्ल्या घरचे वासे

मृगाचा पहिला पाऊस आला की दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी काकी भांडी मांडायला घेते. तिला विचार करावा लागत नाही. देवघरासमोर पितळी पातेलं, माजघरात झोपाळ्याच्या डाव्या कडीखाली कळशी, ओटीवर रंगाचा रिकामा डबा आणि माझ्या उशापासून वीतभर अंतरावर स्टीलची वाटी. "वाटीच का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तिथे वाटीभरच गळतं." पुढच्या वर्षी तिथे फुलपात्र आलं. गळती वाढली हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

गेल्या गणपतीत फुलपात्राच्या जागी बादली होती. रात्री दोनदा माझा पाय तिच्यात गेला, आणि सकाळी घराचं छप्पर बदललंच पाहिजे यावर चारही घरांचं एकमत झालं. आमच्या घराण्याच्या इतिहासातलं हे शेवटचं एकमत. कारण लगेच कुणीतरी विचारलं, "बदलून घालायचं काय?"

घर एक, आढं एक, हिस्से चार. थोरले नाना बोरिवलीला, चुलतभाऊ दादा ठाण्याला, मी पुण्यात आणि माझ्याच हिश्शातला पुतण्या न्यू जर्सीत. चौथा हिस्सा धाकट्या काकांचा, म्हणजे आता काकीचा. त्या घरात बारा महिने राहणारी ती एकटीच. म्हणून छपराचा निर्णय घ्यायला जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, त्यात ती नव्हती. तिच्याकडे बटणांचा फोन आहे असं कारण दिलं गेलं. ग्रुपचं नाव 'मूळ घर – फक्त कामाचं'. पहिल्या आठवड्यात त्यावर गुलाबाची नऊ फुलं, दोन वाढदिवस आणि गुडघेदुखीवरचा एक काढा एवढं काम झालं.

मग नानांनी जाहीर केलं, "मंगलोरी कौलंच घालायची. आपलं घर पहिल्यापासून मंगलोरी."

हे पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, ते नानांना विचारायचं नसतं. माळ्यावर पडलेल्या जुन्या कौलांपैकी एकाच्या पाठीवर बासेल मिशनचा ठसा आहे. बासेल स्वित्झर्लंडमध्ये. तिथले मिशनरी धर्मप्रसाराला मंगळूरला आले आणि १८६५ साली त्यांनी तिथे कौलांचा कारखाना काढला. प्लेब्स्ट नावाचा एक जर्मन गृहस्थ त्यामागे होता. नेत्रावतीच्या काठची चिकणमाती, यंत्राचा दाब आणि भट्टी. त्यातून निघालेलं खाचेत खाच बसणारं कौल समुद्रमार्गे पार मुंबईपर्यंत गेलं. म्हणजे नाना ज्याला आपली परंपरा म्हणतात, ती जर्मनांनी काढली, कानडी मुलखातल्या मातीची केली आणि मग आमच्या डोक्यावर बसली. त्याआधी कोकणात नळ्यांची छपरं होती. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळतं नळकांडं काढायचा, ओलं असतानाच त्याचे उभे दोन भाग करायचा आणि भाजायचा. एक उताणा, एक पालथा, झालं छप्पर. आमच्या पणज्यानं नळे काढून मंगलोरी कौलं घातली तेव्हा 'हे विलायती थेर कशाला' म्हणून कुणीतरी नाना त्या वेळीही रुसले असणार.

दादाचं म्हणणं, "स्लॅब टाका. एकदाच काय तो खर्च, मग बघायला नको." दादा सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्याच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेल्या दहा वर्षांत तीनदा झालं. आधी ब्रिकबॅट कोबा, मग त्यावर चायना मोझॅक, मग मोझॅकवर कसलंसं पांढरं रसायन. सातव्या मजल्यावरची बाई अजूनही पावसाळ्यात पलंग सरकवते. तरी स्लॅबवरचा दादाचा विश्वास अढळ आहे. माणसाचा कशावर तरी असावा.

पुतण्यानं न्यू जर्सीहून तीन रंगीत चित्रं पाठवली. तो कलर कोटेड पत्र्याच्या बाजूचा. पत्राही कौलाच्या आकाराचा, विटकरी रंगाचा, लांबून कौलच वाटावं असा. नाना म्हणाले, "म्हणजे टोप घालणं." नानांच्या डोक्यावर १९९० पासून काय आहे ते सगळ्यांना माहीत असल्यामुळे ग्रुपवर त्या दिवशी शांतता होती.

मी कोणत्या बाजूचा? मी लेख लिहितो. म्हणजे मनानं कौलांच्या बाजूचा, खिशानं पत्र्याच्या आणि दादा समोर असेल तेव्हा स्लॅबच्या.

फेब्रुवारीत मी आणि दादा सुताराला घेऊन घरी गेलो. सुतार सत्तरीचा. काकीनं चहा-पोहे दिले. पोहे खाता खाताच त्यानं मान वर केली आणि वासे मोजायला लागला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस मराठीत कृतघ्न समजला जातो, पण सुतारानं दुसरं करायचं तरी काय? एकोणतीस मोजून झाल्यावर तो तिसाव्याखाली स्टूल ठेवून चढला आणि त्यानं वाशात पटाशी खुपसली. लोण्यात जावी तशी ती आत गेली.

"ह्यो वासा नाय," तो वरूनच म्हणाला, "भुसा हाय. वाळवीनं धरलाय, वाळवीनं हात सोडला का येईल खाली."

मग हिशेब निघाला. छप्पर अठरा ब्रास. ब्रासला साधारण दीडशे मंगलोरी कौलं, म्हणजे सत्तावीसशे. एक कौल अडीच किलो धरलं तर पावणेसात टन, आणि पावसात पाणी प्यायल्यावर आणखी जड. एक मोठा हत्ती साडेचार टनांचा धरा. म्हणजे आमच्या चार पिढ्या दीड हत्तीखाली बसून जेवल्या, आणि तो हत्ती भुशावर उभा होता.

दादानं तिथल्या तिथे स्लॅबचा विषय काढला. चार इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जातं. आमच्या घरावर सदतीस-अडतीस टन, आठ हत्ती. खाली चिऱ्याच्या भिंती, त्याही मातीत रचलेल्या. सुतारानं भिंतीकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि उरलेले पोहे संपवले. आधी कॉलम उभे करायचे, मग त्यावर स्लॅब, म्हणजे घर पाडून घर बांधायचं. वर ग्रामपंचायतीची घरपट्टीही पक्क्या बांधकामाला जास्त. दादा अंगणात जाऊन फोनवर बोलल्यासारखं करू लागला.

पत्रा मात्र हलका. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा अख्ख्या छपराला सात-आठशे किलो भरेल. दीड हत्तीच्या जागी दोन म्हशी. वासेही नकोत, लोखंडी पाइप चालतात, आणि ते वाळवी खात नाही. स्क्रू पिळले, रबरी वॉशर लावले, चार दिवसांत काम फत्ते. एवढा गुणी पदार्थ सगळं गाव का घालत नाही असं वाटेल. तर गावानं घातला होता.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडालाही त्यानं सोडलं नाही. वारा ताशी शंभराच्या वर. त्या वेळी लॉकडाउन होता. माणसाला जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं तर ई-पास लागायचा आणि मुंबईहून आलेला चाकरमानी शाळेत चौदा दिवस कोंडला जायचा. आमच्या वाडीतले पत्रे मात्र ई-पास न काढता, पाइपांसकट, खाडीकडच्या बागांत गेले. नंतर कितीतरी दिवस लोक पत्रे ओळखत फिरत होते. "तो निळा आमचा." "आमचाही निळाच." सगळ्यांनी एकाच दुकानातून एकाच रंगाचा घेतला की गाय ओळखणं सोपं, पत्रा ओळखणं कठीण. शेवटी ज्याच्या बागेत पडला त्यानं गोठ्यावर घातला. त्यातले दोन आमचे आहेत असं काकी अजून म्हणते. ती त्या गोठ्यावरून जाताना त्यांच्याकडे माहेरवाशिणीकडे पाहावं तसं पाहते.

कौलं वाचली असं नाही. वारा वळचणीखालून आत शिरला आणि त्यानं कौलं पत्त्यांसारखी पिसली. पण पत्रा जातो तो सगळाच्या सगळा जातो. कौलांचं तसं नसतं. आमची तीनेकशे फुटली, बाकीची काकीनं अंगणात रचली आणि पुन्हा चढवली. फुटलेल्यांच्या जागी मिळतील ती घातली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्यानं आणखी काही नेली. त्यामुळे आमच्या छपरावर आज तीन कंपन्यांची कौलं आहेत. प्रत्येकीची खाच एखाद्या सुतानं वेगळी, आणि जिथे दोन कंपन्या भेटतात तिथे खाली काकीचं भांडं आहे.

आवाजाचं तर सांगायलाच नको. पत्र्याखाली कोकणातला पाऊस ज्यानं ऐकला नाही त्यानं ढोल-ताशांबद्दल तक्रार करू नये. शेजारच्या घरी पत्रा आहे. त्यांच्याकडे जुलैत कुणी कुणाशी भांडत नाही, कारण ऐकूच येत नाही. भांडणं सप्टेंबरपर्यंत साठवतात आणि सगळी माणसं गणपतीला जमली की काढतात. एप्रिलमध्ये त्याच पत्र्याखाली दुपारी माणूस पापडासारखा भाजून निघतो.

उरला सिमेंटचा पत्रा. तो आमच्या गोठ्यावर आहे आणि तिथेच राहू दे. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. कापताना, फोडताना त्याची धूळ फुप्फुसात जाऊन कॅन्सर होऊ शकतो, हे आता सगळं जग जाणतं. आमच्या गोठ्यात गुरं नाहीत, दादाची जुनी मोटरसायकल आहे. तिच्या फुप्फुसाची काळजी दादाला असेल तर त्यानं बघावी.

स्लॅबची हौस भागवलेली घरंही गावात आहेत. त्यांच्याकडे पाहून मला छपराच्या विषयातलं सर्वात मोठं कोडं पडतं. स्लॅब टाकला, दोन पावसाळे बरे गेले, तिसऱ्यात भिंतींना बुरशीचे नकाशे उमटले. मग मालकानं काय केलं? स्लॅबवर लोखंडी खांब उभारून पत्र्याची शेड घातली. पावसापासून घर वाचवायला स्लॅब, स्लॅब वाचवायला पत्रा. उद्या वाऱ्यापासून पत्रा वाचवायला त्यावर जांभे दगड ठेवतील. ठेवतातच. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो इथे. चार महिन्यांचं पाणी साठवून त्यात मला उभं केलं आणि माझ्या डोक्यावर दादाला उभं केलं तर दादाची टोपी बुडेल. अशा प्रदेशात छप्पर सपाट करणं म्हणजे पाण्याला 'बसा, चहा घेऊन जा' म्हणणं आहे. आमच्या एका घरावर पडणारं पाणी मोजलं तर पाच लाख लिटर होतं, दहा हजारी टँकर धरले तर पन्नास. आणि मे महिन्यात वाडीत टँकर येतो तेव्हा त्याच घरातली माणसं हंडे घेऊन रांगेत उभी असतात. पण तो निराळा विषय आहे.

कित्येक महिने झाले तरी ठरेना, तेव्हा नाना म्हणाले, "देवाला कौल लावा."

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, जमीन, विहीर, सगळं असंच ठरतं. पण कौलाबद्दल कौल लावायची वेळ देवावर आमच्यामुळे प्रथमच आली असावी. मी गुरवाला प्रश्न सांगितला : कौल, पत्रा, स्लॅब, की खाली पत्रा वर कौल?

गुरवानं हात जोडलेलेच खाली घेतले. "भाऊ, देवाला व्हय का नाय इचारायचं असतंय. चारातलं कुठलं, आसं नसतंय."

मग एकेक विचारू या म्हटलं आणि मान वर केली. देवळाचं जुनं कौलारू छप्पर तीन वर्षांमागे जीर्णोद्धारात गेलं. आता वर स्लॅब आहे, आणि स्लॅबवर निळा पत्रा. ज्याला स्वतःच्या डोक्यावर काय घालावं हे कुणी विचारलं नाही, त्याला आमच्या डोक्याचं विचारणं मला बरं दिसेना. नारळ ठेवला आणि परत आलो.

घरी आलो तर काकी अंगणात एका माणसाशी बोलत होती. शेजारच्या आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी गडी. पूर्वी मे महिन्यात घर शाकारायला आमच्याकडे बापलेक यायचे. बाप अनवाणी वर चढायचा. कौलाच्या मधोमध कधी पाय द्यायचा नाही, खाली रीप असेल तिथेच द्यायचा. एकेक कौल काढून त्यावर बोटाचं पेर आपटायचा. टण्ण वाजलं तर कौल ठीक, थप्प वाजलं तर चिरलेलं. पाचोळा झाडायचा, शेवाळ खरवडायचा आणि कौल परत खाचेत सरकवायचा. सत्तावीसशे कौलं, सत्तावीसशे टिचक्या. पाच दिवस घर वाजत असायचं. आता बाप थकला आणि मुलगा नालासोपाऱ्याला रिक्षा चालवतो. नानांच्या परंपरेची सगळी गोम इथे आहे. कौल अजून मिळतं, कौलावर चालता येणारे पाय मिळत नाहीत. कौल दरवर्षी परतावं लागतं. माकडं ते वर्षातून चाळीसदा परततात, पण ती खाच बघत नाहीत.

"ह्याला शिकवलंय मी," काकी गड्याकडे बोट दाखवून म्हणाली. "दोन वर्षं हाच परततो. पहिल्या वर्षी साठ फोडली, गेल्या वर्षी अकरा."

म्हणजे आम्ही ग्रुपवर परंपरेच्या ऱ्हासाबद्दल चर्चा करत होतो, तेव्हा परंपरा नेपाळहून येऊन आमच्या आढ्यावर बसलेली होती.

मी पायरीवर बसलो आणि इतक्या महिन्यांत कुणाला न सुचलेला प्रश्न विचारला. "काकी, तुला काय वाटतं गं? काय घालावं?"

ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मान वर न करता बोलली. "सैपाकघर नि मागच्या पडवीवर पत्रा घाला. तिकडे फणस पडतो नि माकडं नाचतात, कौल टिकत नाही. आवाज झाला तर होऊ दे, सैपाकघरात मी बोलणार कुणाशी? माजघर नि देवघरावर कौलंच राहू देत, पत्र्याखाली मला दुपारची झोप लागायची नाही. वासे मात्र बदला. चांगली निघतील ती कौलं वापरा, ओटीला कमी पडतील तेवढीच विकत आणा. मधे एक काचेचं कौल घाला, दिवसा सुई ओवता येत नाही. आणि मेच्या पंधरा तारखेच्या आत करा, नंतर वळवाचं खरं नाही."

एवढं बोलून तिनं एक खडा अंगणात भिरकावला. अख्खा प्रकल्प अहवाल तांदळाच्या एका सुपात आटोपला होता. मी तो ग्रुपवर टाकला. नानांनी हात जोडले. दादानं 'विचार करण्यासारखं आहे' असं लिहिलं. पुतण्यानं दुसऱ्या दिवशी त्याच्या हिश्शाचे पैसे पाठवले, एवढंच नव्हे तर 'काकीआजीला ग्रुपमध्ये का नाही घेतलं?' असंही विचारलं. त्यावर कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं.

काम मेमध्ये झालं. सैपाकघर आणि पडवीवर विटकरी पत्रा चढला. माजघर-देवघराचे वासे नवे झाले, जुनी कौलं टण्ण-थप्प करून परत बसली. काचेच्या कौलातून माजघरात उन्हाचा एक चौकोन पडतो. सकाळी तो झोपाळ्यावर असतो, दुपारी कोठीच्या दाराशी. ओटीवर सध्या निळी ताडपत्री आहे. ओटीच्या कौलांचे पैसे दादाकडून यायचे आहेत. माझेही यायचे आहेत.

काकीला पुतण्यानं स्मार्टफोन पाठवला. परवा ग्रुपवर तिचा पहिला आवाजी निरोप आला. मागे पत्र्यावरचा पाऊस इतका मोठा होता की आम्ही तो तीनदा ऐकला तेव्हा कुठे कळला.

"गणपतीला सगळे ओटीवर झोपता. येताना एकेक बादली घेऊन या. माझी भांडी आता मोदकांना लागतील."